घरमा कोन शे?

असोदा,
२१ मार्च १९५४

अन्वर यास,
अभिमनचा राम राम.

फिलोमिना धुळ्याच्या मठात चालली. सिस्टर होणार. ही गोष्ट मला तिच्या तोंडून कळायला हवी होती. कळली कुणाकडून, तर दवाखान्यात झाडलोट करणाऱ्या भिकुबाईकडून! परवा सायकल हाणत जळगावला गेलो, मिशनच्या दवाखान्याच्या फाटकाशी उभा राहिलो, तर भिकुबाई म्हणते, "आता कशाले हात कापून घेता भाऊ? पट्टी बांधनारी चालली धुयाले." आणि वर हसली. फाटकाला लाथ मारली, ती पायाला लागली. त्यावरही पट्टी बांधायला कुणी आलं नाही.

तुझ्या अब्बांच्या पिंजाऱ्याच्या धंद्यावरून त्या धरणगावच्या पोरानं वर्गात टोमणा मारला, मी त्याच्या कानाखाली काढली, खिडकीची काच माझ्या हातात शिरली. तिथून हे सगळं सुरू झालं, तेव्हा तुझाही यात वाटा आहे. प्रिन्सिपॉल म्हणाले माफी माग. मी वह्या त्यांच्या टेबलावर ठेवल्या आणि बाहेर पडलो. आबा अजून माझ्याशी बोलत नाहीत. केळीला पाणी दे, एवढंसुद्धा आईकडून सांगवतात. हे सगळं मी सोसलं, कारण दवाखान्यात फिलू होती. भुसावळच्या रेल्वे फिटरची पोर, पण जखम धुताना अशी खाली मान घालून बसते की वाटतं, बरं होऊच नये.

तिनंच मला त्यांच्या सिस्टरांच्या संघाच्या मूळ बाईची गोष्ट सांगितली होती. मदर अँसेल्मा. प्लेगच्या दिवसांत ती परदेशातून इकडे आली. गावंच्या गावं शेतात झोपड्या बांधून राहत, आजारी माणसं मागे घरात पडून. ही बाई घरोघर फिरायची. आपली भाषा तिला एवढीच येत होती: "घरमा कोन शे?" घरात कोण आहे, अशी दाराशी उभी राहून हाक मारायची. ओ आली की आत जाऊन माणूस उचलून आणायची. ओ नाही आली की पुढचं घर. धुळ्याच्या वाटेवर पांझरेकाठी पाडळी म्हणून गाव आहे, तिथं एका घरातून ओ आली नाही. ती पुढे गेली. नंतर कळलं, आत एक पोरगा जिवंत होता. ओ द्यायला त्याच्यात दम नव्हता.

त्यानंतर तिनं हा संघ काढला. त्यांचा नियम असा की सिस्टरनं दाराबाहेर उभं राहून हाक मारायची नाही. दार उघडून आत जायचं. आणि दर वर्षी उपवासकाळात तिच्या वाटेनं यात्रा: धरणगावाला तिचा पहिला दवाखाना होता तिथून बेटावद, मग ओस पडलेली जुनी पाडळी, मग धुळ्याला तिची कबर. पाडळीला त्या घरापुढे भर दुपारी नवी उमेदवार मुलगी हाक मारते, "घरमा कोन शे?" वर्षातून ही एकच हाक. मग सगळ्या गप्प उभ्या राहतात. ओ येत नाही. त्या गप्प राहण्याचंच प्रायश्चित्त. मग पुढे चालू लागतात.

या वर्षी हाक मारणार आहे फिलू. आणि या वर्षी ओ येणार आहे. मी आधीच जाऊन त्या घरात बसतो. ती हाक मारील, मी ओ देईन, नियमाप्रमाणे तिला दार उघडावं लागेल. समोर मी. मग बघू मठ मोठा की मी.

यात्रा कधी निघते ते काढून कळव. आणि उपदेश करू नकोस.

तुझा,
अभिमन

•

जळगाव,
२७ मार्च १९५४

दोस्त अभिमन,

सलाम. उपदेश करू नकोस म्हणतोस. मग पत्र कशाला लिहितोस? माझ्याकडे तेवढंच आहे.

यात्रा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात निघते. हे मला फिलोमिनाबाईंनीच सांगितलं. त्या आमच्या दुकानी आल्या होत्या. वाटेत अंथरायला पातळ गादी हवी होती. अब्बांनी कापूस पिंजून दिला, पैसे घेतले नाहीत. माझ्याशी बऱ्याच बोलल्या. "तुमचा मित्र माझ्यावर रागावला आहे का?" असं विचारलं. मी म्हणालो, तो सगळ्यांवरच रागावलेला असतो, तुम्ही स्वतःला वेगळं समजू नका. हसल्या.

आता नीट ऐक. तू पाडळीला जाऊ नकोस. काही करू नकोस. असोद्याला बस, केळीला पाणी दे, आबांच्या पाया पड. एवढे दिवस हात पाय न हलवता बस, मग बघ. याहून जास्त मला लिहिता येत नाही. मी जबान दिली आहे.

दादीला तुझा बेत सांगितला. हसीनाबी तुला ठाऊक आहे, मोतीबिंदूनं तिला दिसत नाही म्हणून ती सगळं ऐकते. प्लेगात ती लहान होती. ती म्हणाली, "जो हाक दूसरे के नाम की है, उसको जवाब नहीं देते, बेटा." मी म्हटलं, दादी, तो ऐकणारा नाही. ती म्हणाली, "तो फिर उसका कान कायको भरता?"

तुझाच,
अन्वर

•

बेटावद स्टेशन,
६ एप्रिल (कार्ड)

अन्वर,
तुझं पत्र वाचून फाडलं. जबान दिली आहेस, कुणाला? मठवाल्यांना? एक गादी फुकट दिली आणि त्यांचा झालास! हात पाय न हलवता बसणारा माणूस प्रेम करत नसतो, गादी भरत असतो.

धरणगावापासून त्यांच्या मागे मागे आहे, अंतर ठेवून. फिलू अनवाणी चालते. काल तिनं मागे वळून पाहिलं. मला दिसलं की तिला मी दिसलो. तोंड फिरवलं. पण लगेच नाही.
उद्या पुढे जातो.
— अ.

•

नवी पाडळी,
९ एप्रिल १९५४

अन्वर,

हे पत्र मी निंबा म्हणून एक म्हातारा आहे त्याच्या ओट्यावर बसून लिहितोय. डोकं तापलंय, अक्षर लागलं नाही तर दोष उन्हाला दे.

जुनी पाडळी पांझरेच्या पलीकडे आहे. प्लेगनंतर गाव अलीकडे आलं. तिकडे धाब्याची, सपाट मातीच्या छताची घरं उभी आहेत, म्हणजे उभी राहायचं विसरली आहेत. निंबा बकऱ्या राखतो. त्याला नदीच्या या काठावरून विचारलं, मदर ज्या घराशी चुकली ते कोणतं? त्यानं काठीनं दाखवलं. अगदी टोकाचं, धाब्यातून निंब उगवलेलं. "तथं कोनी जात नही भाऊ," म्हणाला. मी म्हटलं, म्हणूनच मला जायचंय.

वाटेनं गेलो असतो तर यात्रेतल्या बायांना दिसलो असतो. म्हणून नदीच्या अंगानं मागून गेलो. मागची भिंत पडलेली. तिथून आत, मग मधल्या खोलीत. भर दुपारी तिथं असा अंधार की डोळे चोळले. पुढच्या खोलीचं काही दिसत नव्हतं, मध्ये धाबं कोसळून मातीचा ढीग झालेला. मी भिंतीला पाठ लावून बसलो. गार होतं. इतकं गार की अंगावर काटा आला.

थोड्या वेळानं माझ्या डाव्या गुडघ्याला काहीतरी टेकलं. मी दचकलो. मग लक्षात आलं, करडू असणार निंबाचं, उन्हाचं सावलीला आलेलं. हात लावला नाही, बिचकून ओरडलं असतं आणि माझा बेत फसला असता. बसू दिलं. हळूहळू श्वास घेत होतं, थांबून थांबून. खरं सांगू? बरं वाटलं. मी एकटा नव्हतो.

मग लांबून त्यांची घंटा ऐकू आली. एवढी लांबून का, याचं नवल वाटलं, पण वारा होता. घंटा थांबली. आणि पुढच्या दाराची कडी वाजली. थांबून पुन्हा वाजली. मग हाक आली:

"घर-मा... कोन... शे?"

फिलूचा आवाज उन्हानं पार कोरडा पडला असावा. शब्द सुटे सुटे, पाठ करून म्हटल्यासारखे. गुडघ्याशी टेकलेलं एकदम घट्ट झालं, श्वास धरल्यासारखं. मग मी होता नव्हता तेवढा जोर काढून ओरडलो, "मी शे!"

अन्वर, दार उघडलं नाही.

मी वाट पाहिली. मातीच्या ढिगापलीकडे कुणीतरी उभं होतं, हे मी शपथेवर सांगतो. उभं होतं आणि गेलं नाही. पण आतही आलं नाही. शेवटी मीच रागानं उठलो, मागच्या भिंतीतून बाहेर पडलो. करडूही मागोमाग उठल्यासारखं वाटलं, पण उन्हात आल्यावर दिसलं नाही. वळसा घालून बघतो तर यात्रा पार धुळ्याच्या रस्त्याला लागलेली. पांढऱ्या साड्यांची ओळ, आणि तिच्यात फिलू. तिनं माझा आवाज ओळखला आणि पळाली! माझ्या ओ ला तिनं दार उघडलं नाही. त्यांच्याच मदरनं केलेली चूक तिनं जाणून केली. तिला सांग, हे मी विसरणार नाही.

अभिमन

•

जळगाव,
१८ एप्रिल १९५४

अभिमन,

तुझं पत्र मी दुकानाच्या मागे जाऊन वाचलं. वाचून होईस्तोवर अब्बांनी दोनदा हाक मारली, मला ओ देववेना.

आता जबान मोडतो, कारण राखण्यासारखं काही उरलं नाही. त्या दिवशी दुकानात फिलोमिनाबाई म्हणाल्या होत्या, माझं मन दोन ठिकाणी आहे. मठात जायचं बोलून बसले, वडिलांनी भुसावळच्या चर्चमध्ये पेढे वाटले, आता माघार घ्यायला तोंड नाही. म्हणून मी देवाशी बोलणं केलं आहे. पाडळीला मी हाक मारीन. ओ आली तर मी देवाची. शांत राहिलं तर मी मोकळी, त्याच दिवशी परत फिरेन. मी विचारलं, आणि परत फिरून कुठे जाणार? त्या म्हणाल्या, "असोदा जळगावापासून फार लांब आहे का हो?"

ओ येत नाही, अभिमन. एवढ्या वर्षांत आली नाही. तिला ठाऊक होतं. तिनं मुद्दाम असा कौल लावला होता जो तुझ्या बाजूनंच लागेल. तुला फक्त गप्प बसायचं होतं. आयुष्यात एकदा.

काल ईस्टरच्या निमित्तानं तिचा भाऊ भेटला. ती धुळ्याला मठात राहिली. घरी निरोप पाठवला की ओ आली.

मी तुला जास्त काही म्हणत नाही. तू जे स्वतःला म्हणत असशील ते पुरे आहे.

अन्वर

•

असोदा,
२५ एप्रिल १९५४

फिलू,

अन्वरनं मला सगळं सांगितलं. त्याच्यावर रागावू नकोस. माझ्यावर रागाव, कितीही.

तो मी होतो. पाडळीच्या त्या घरात मी लपलो होतो. देव नाही, मदर नाही, कुणी पोरगा नाही, असोद्याचा अभिमन, कॉलेजातून उठलेला, डोक्यानं अर्धवट. कुणी बोलावलं नाही, काही नाही. भिंतीच्या फटीतून तू दिसलीस आणि मी ओरडलो. माझ्या गळ्यातून आलेला आवाज तू देवाच्या खात्यावर घातलास. तो कौल खोटा आहे. मी खोटा केला.

म्हणजे खरं पाहिलं तर शांतता होती. म्हणजे तू मोकळी आहेस. पत्र मिळताच निघ. मी धुळ्याच्या स्टेशनावर दिवसभर बसायला तयार आहे, रोज. आई काही म्हणणार नाही. आबा म्हणतील, पण ते माझ्याशी बोलतच नाहीत.

तुझाच,
अभिमन

•

जळगाव,
१२ जून १९५४

दोस्त अभिमन,

परवा तू दुकानी आलास आणि अर्धा शब्द न बोलता बसून गेलास, हे बरं वाटलं नाही. तिचं उत्तर येईल. त्यांच्याकडे पत्रं सावकाश सुटतात.

एक गंमत लिहितो, हसशील म्हणून. तू गेल्यावर दादी मला रागवायला लागली. तुला गुडदाणी दिली तेव्हा तिनं दोन तुकडे दिले, आठवतं? एक तुझ्या हातात, एक तुझ्या डावीकडे गादीवर ठेवला. मला वाटलं, म्हातारीचा अंदाज चुकला. ती म्हणते, "तेरा दोस्त बच्चे को लेके आया, और तुम लोगों ने उसको पानी भी नहीं पूछा." मी म्हटलं दादी, कसला बच्चा? तर म्हणाली, "साँस ले रहा था ना. रुक रुक के."

तिला आता हकीमाकडे नेणार आहे. गादीवरचा तुकडा मात्र नंतर सापडला नाही. मुंग्यांनी नेला असेल.

अन्वर

•

धुळे,
२० जून १९५४

श्री. अभिमन यांस,
येशू-मरियेच्या नावे नमस्कार.

आपले पत्र मिळाले. मदर सुपीरियर यांनी ते वाचून माझ्या हाती दिले आणि म्हणाल्या, याचे उत्तर तू मोकळ्या मनाने दे, मी ते वाचणार नाही. म्हणून लिहिते.

तुम्ही तिथे होतात हे वाचून मला राग आला नाही. बेटावदच्या रस्त्याला तुम्हाला पाहिले तेव्हा बरेच वाटले होते. तेही आता लिहून टाकते.

पण काही जुळत नाही. आम्ही उभ्या होतो ते घर वेशीजवळचे. मदर चुकल्या ते मूळ घर खचले, आत जाणे धोक्याचे, म्हणून बऱ्याच वर्षांपूर्वी त्याच गावातले दार शाबूत असलेले दुसरे घर संघाने यात्रेसाठी धरले. गावात आता दार असलेले ते एकच घर आहे, आणि त्याला खिळे ठोकलेले आहेत. मी दाराला हात लावला नाही. घंटा झाली, मी एकदा हाक मारली, तीही हळू. मला शांतता हवी होती. ती मिळालीही. सगळ्यांनी डोके टेकवले. मी मनात म्हटले, झाले, सुटले. आणि मग ओ आली. त्या घरातून नाही, गावाच्या पार दुसऱ्या टोकाकडून, नदीच्या अंगाने. बाकीच्या म्हणाल्या, वारा. मला शब्द ऐकू आले. ते शब्द मी कुणालाही सांगितलेले नाहीत.

पंधरा ऑगस्टला मरियामातेच्या सणाला मला पांढरा वेष मिळेल. तोवर मी घरी जाऊ शकते. तुम्ही म्हणता, तो आवाज तुमचा होता. मग एकच सांगा: तुम्ही काय म्हणालात? तुमचे शब्द आणि मी ऐकलेले शब्द एक निघाले, तर मी त्याच दिवशी निघेन. मी तुम्हाला हे लेखी देते.

फिलोमिना

•

असोदा,
६ जुलै १९५४

अन्वर,

तिचं पत्र आलं तेव्हा मी मळ्यात नाचलो. नथ्थू गडी म्हणाला, "भाऊले इंचू चावला का काय?" प्रश्न एवढाच: काय म्हणालास? दोन शब्द! लिहून टाकायचे आणि स्टेशनावर जायचं.

पण तिनं लिहिलंय, आम्ही वेशीजवळ होतो. दाराला हात लावला नाही. मग माझ्या दाराची कडी कुणी वाजवली? दोन दिवस झोप नाही. शेवटी पाडळीला गेलो.

या वेळी निंबाला बरोबर घेतलं. तो नदीपर्यंत आला, पुढे येईना. मी ओरडून विचारलं, त्या घराच्या दाराची कडी अजून आहे ना? तो माझ्याकडे बघतच राहिला. "त्या घरले दार कोठे शे, भाऊ? बठ्ठा गाव दारं काढी लई गया. मना बापनीबी." गाव हललं तेव्हा सगळ्यांनी दारं उचलून नेलेली. मी पुढून गेलो. वाटेवरून, उघड. चौकटसुद्धा नाही. भिंतीत नुसतं भोक, त्यात बाभूळ उगवलेली, हात घालता येणार नाही अशी दाट. तिथं कडी वाजवायला कडी नाही, दार नाही, उभं राहायला जागा नाही.

परत येऊन निंबाला म्हटलं, तुझं एक करडू त्या दिवशी आत शिरलं होतं, सांभाळ, धाबं पडेल. तर म्हणतो, "मन्या बकऱ्या तिकडे जातीस नही. हाकल्या तरी फिरी येतीस." मग माझ्या पायांकडे बघून बाजूला सरकला. ओट्यावर चढताना वाट द्यावी तसा.

दादीला हकीमाकडे नेऊ नकोस.

माझा डावा गुडघा ऊबदार असतो, अन्वर. एरवी काही त्रास नाही. जेवायला बसलो की आई म्हणते, असा भिंतीपासून सरकून काय बसतोस, कुणाला जागा सोडतोस? मला कळतसुद्धा नाही मी सोडतो ते.

फिलूला काय लिहू? दोन शब्द लिहिले की ती येते. कडीचं लिहिलं तर येणार नाही.

अभिमन

•

जळगाव,
१० जुलै (कार्ड)

अभिमन,
कॉलेजात त्या पोराला मारलंस तेव्हा मला विचारलं नव्हतंस. आता विचारतोस म्हणजे उत्तर तुला ठाऊक आहे. तिनं देवाशी एक सौदा केला, तो तुझ्यामुळे बिघडला. आता तिचा दुसरा सौदा तुझ्याशी आहे. निदान यात माप पुरं घाल.
दादी रोज विचारते, बच्चा कुछ खाया क्या.
— अन्वर

•

असोदा,
१४ जुलै १९५४

फिलू,

मी म्हणालो, "मी शे." एवढंच. दोन शब्द. तू हेच ऐकलं असशील तर मला पुढचं काही लिहायचं कारण नाही, तू बॅग भर.

पण मागच्या पत्रात मी एक खोटं लिहिलं. तू मला दिसली नव्हतीस. मी मधल्या अंधारात बसलो होतो. मला हाक आली. आधी कडी वाजली, मग बाईचा आवाज आला, मोडून मोडून, ज्याला आपली भाषा येत नाही अशा माणसाचा. मला वाटलं तू. मी तिला ओ दिली, फिलू, तुला नाही. नंतर जाऊन पाहिलं. त्या घराला दार नाही.

हे न लिहिता तुला बोलावलं असतं तर तू आली असतीस. आणि मग रोज जेवताना मी तुझ्यापासून तोंड लपवलं असतं. माझं डोकं गरम आहे, पण ते एवढं खोटं घेऊन चालणारं नाही.

आणखी एक. त्या अंधारात माझ्या गुडघ्याला एक करडू टेकून बसलं होतं. हे का लिहितोय, मलाही माहीत नाही.

आता तू सांग. काय ऐकलंस?

अभिमन

•

धुळे,
२६ जुलै १९५४

अभिमन,

मी तुझं पत्र प्रार्थनाघरात नेऊन वाचलं. 'तुझं' असं पहिल्यांदा आणि शेवटचं लिहिते आहे, देव रागावणार नाही.

तुझा आवाज मी ओळखला असता. दवाखान्यात पट्टी सोडताना तू एवढा ओरडायचास की शेजारच्या खोलीतले रुग्ण उठून बसत. तो आवाज तुझा नव्हता. लहान होता. दम लागलेला, पण पुरा. ज्यानं आयुष्यभर एकच वाक्य बोलायचं जपून ठेवलं असावं, तसा.

तो म्हणाला, "आम्ही दोन शेतस."

मी इतके दिवस विचार करत होते, दुसरं कोण? मदर गेल्या तेव्हा आत एकटा पोरगा होता, असंच आम्हाला शिकवलं आहे. मला वाटलं, दुसरी मी. म्हणून मी राहिले.

आता कळलं, दुसरा कोण होता ते. त्यानं तुलाही मोजलं. त्याला वाटलं, तूही त्याच्यासारखाच आत अडकलेला आहेस.

अभिमन, ते करडू नव्हतं. तुझ्या ध्यानात आलंच असेल. तू तिथून उठलास तेव्हा तो मागे राहिला का?

फिलोमिना

•

असोदा,
५ ऑगस्ट १९५४

सिस्टर फिलोमिना,

नाही राहिला. माझ्याबरोबर आला.

हे पत्र लिहितो आहे तेव्हाही इथं आहे. घाबरू नकोस, मी घाबरत नाही. सुरुवातीला घाबरलो होतो, मग चिडलो, मग सवय झाली. मळ्यात पाटाच्या पाण्याशी बसलो की तोही बसतो. श्वास थांबून थांबून येतो. थांबला की मीही थांबतो, पुन्हा सुरू झाला की जिवात जीव येतो. काल आबा जवळ येऊन बसले. कॉलेज सोडल्यापासून पहिल्यांदा बोलले. म्हणाले, "कोणाची वाट पाहत बसतोस रे?" मी म्हणालो, कुणाचीच नाही, आबा. त्यांनी पाटात हात धुतले. मग म्हणाले, "हा आवाज पाण्याचा शे का?" आणि उत्तर न ऐकता उठून गेले.

मला आता असं वाटतं की मदर अँसेल्मा दर वर्षी तिथं येत असणार. तुम्ही खिळे ठोकलेल्या दाराशी, ती खऱ्या घराशी. कडी वाजवते, हाक मारते, तो ओ देऊ शकत नाही, ती उभी राहते. या वर्षी त्याच्या शेजारी एक मूर्ख बसला होता आणि त्यानं ओरडून दिलं. माझ्या ओरडण्यानं त्याला धीर आला असेल. एवढी एकच गोष्ट माझ्या हातून नीट झाली, आणि ती मला करायची नव्हती.

त्याला तिच्याकडे पोचवायला हवं. तिची कबर तुमच्या मठात आहे. मी उद्या निघतो. मदरच्याच वाटेनं: धरणगाव, बेटावद, पाडळी, धुळे. गाडीनं नाही, पायी. त्याला दम पुरेल अशा चालीनं. पांझरेला पाणी आलं असेल, उतार मिळेस्तोवर थांबू. पंधरा तारखेला पोचतो. त्या दिवशी तुला पांढरा वेष मिळेल, बाहेर झेंडावंदनाला पोरं गात असतील, त्या गडबडीत कुणाचं लक्ष जाणार नाही.

मी हाक मारणार नाही. कडी वाजवणार नाही. "घरमा कोन शे" असं कुणीच कुणाला विचारायचं नाही, ते फार झालं. तुमचा नियम आहे ना, बाहेर थांबायचं नाही, दार उघडायचं? तूच उघड.

उघडल्यावर माझ्याकडे बघू नकोस. बघितलंस तर मी काहीतरी बोलून बसेन, मला ठाऊक आहे मी कसा आहे ते. खाली बघ, माझ्या डाव्या गुडघ्याजवळ. हात पुढे कर. त्याला आत घे.

मग मी परत फिरेन. एवढीच विनंती, दार लगेच लावू नकोस. तो आत गेला की नाही ते मला गुडघ्याला कळेल, पण थोडा वेळ लागेल. तेवढा वेळ उघडं असू दे.

अभिमन